अर्धी गोळी

"साडेचौसष्ट गोळ्या हव्यात," श्रीनिवास म्हणाले, "आणि इथे नऊ आहेत."

नंदा ओट्याशी कुकर घासत होती. तिने मान वळवली नाही. "कसल्या गोळ्या?"

"काकूंच्या. या डब्यातल्या. तू हा डबा हलवला होतास का?"

"हलवते ना. दर शनिवारी. फ्रीज पुसायचा तर डबा काय हवेत राहणार?"

"तसं नाही. आतल्या गोळ्या कमी झाल्यात. जागं राहायच्या."

आता तिने नळ बंद केला आणि ओले हात पदराला पुसले. "काका, कसबा पेठेतून चालत येते मी. पाच घरची भांडी आहेत. मला जागं राहायला गोळी लागत नाही आणि झोपायलाही लागत नाही. पाठ टेकली की संपलं."

डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलेली चिठ्ठी श्रीनिवासांनी पुन्हा वाचली. गेल्या वर्षी फेब्रुवारीत त्यांची बायको, सुहासिनीबाई गेल्या, त्यानंतर चौथ्या दिवशी त्यांनी स्वतः ती लिहिली होती. 'सकाळच्या: ६४॥. रात्रीच्या: २२.' का लिहिली ते त्यांना सांगता आलं नसतं. चौतीस वर्षं कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून काढल्यावर माणूस उरलेल्या गोष्टी मोजतोच. आता रात्रीच्या गोळ्याही मोजल्या. सहा होत्या.

गहाळ गोळ्यांपैकी दोन-तीन कुठे गेल्या ते त्यांना माहीत होतं. बाकीच्या कुठे गेल्या ते कळत नव्हतं.

डबा आज उघडायचं कारण साधं होतं. उरलेली औषधं गोळा करून गरजूंना देणारी एक संस्था कसबा पेठेत होती. मुलगी बंगळुरूहून दर रविवारी फोनवर विचारायची, "बाबा, दिलीत का आईची औषधं?" आणि श्रीनिवास दर रविवारी "या आठवड्यात" म्हणायचे. असं करत चौदा महिने गेले होते. आज मंगळवार होता, पिशवी काढून ठेवली होती, आणि आता हे.

"त्यापेक्षा तुमच्या त्या शुभंकरच्या खोलीतला केर बघा," नंदा म्हणाली. "महिना झाला असेल, रिकामी चंदेरी पाकिटं निघतात. मी म्हटलं, डोकं दुखत असेल पोराचं. एवढं वाचल्यावर कुणाचं दुखणार नाही?"

"मला सांगायचं नाही?"

"केर काय आहे ते सांगत बसू का रोज?"

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत फोन वाजायला लागला. वाजून थांबला. परत वाजला. श्रीनिवासांनी घड्याळ पाहिलं. पावणेबारा. तिथे भाड्याने राहणाऱ्या शुभंकरचा पेपर दोनला होता. विद्यापीठात पोचायचं तर बाराला घर सोडायला हवं. तो सकाळीच लायब्ररीत गेला असेल, असं ते धरून चालले होते. पण मग फोन इथे कसा?

त्यांनी दार ढकललं. शुभंकर पलंगावर पालथा झोपला होता. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायांत मोजेसुद्धा. टेबलावर हॉल तिकीट, दोन पेनं, कॅल्क्युलेटर, सगळं एका ओळीत मांडलेलं. खाली एनर्जी ड्रिंकचे पाच-सहा रिकामे डबे. फोन उशीशेजारी वाजत होता आणि त्याच्या कानाला पत्ता नव्हता.

"शुभंकर! अरे, पेपर आहे ना?"

खांदा हलवला. मान सैलपणे वळली. डोळे अर्धवट उघडले, बघत मात्र कुठेच नव्हते.

"मले झोपू द्या ना," तो म्हणाला आणि डोळे परत मिटले. दोन वर्षांत तो या घरात वऱ्हाडी बोलला नव्हता. पुण्यात आल्यावर पहिल्याच महिन्यात त्याने ती भाषा ट्रंकेत ठेवली होती.

फोन श्रीनिवासांनी उचलला. मुलीचा आवाज आला. "कुठे आहेस तू? मी गेटवर उभी आहे."

"मी श्रीनिवास. तो राहतो त्या घरातला."

"काका! मी सृष्टी, त्याच्या वर्गातली. तो उठलाय ना? काका, तो तीन दिवस झोपलाच नाहीये. पहाटे पाचला मेसेज केला, की 'दोन घेतोय, पाच तास झोपतो, दहाला कॉल कर.' मी दहापासून करतेय, लागतच नव्हता."

"दोन काय घेतोय?"

"झोपेच्या. काका, म्हणजे सगळेच घेतात काही ना काही. कोण कॉफी, कोण गोळी. पण त्याचं जरा जास्तच झालं होतं."

श्रीनिवासांनी त्याचं मनगट धरलं. नाडी बघायला ते बायकोमुळे शिकले होते. फार भरभर चालली होती, आणि मध्येच एखादा ठोका चुकत होता.

"नंदा, रिक्षा बघ. आणि तो केराचा डबा टाकू नकोस, त्यातली पाकिटं पिशवीत घे."

घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. श्रीनिवास सत्तरीला आले होते. नंदाने काखेत हात घातले आणि म्हणाली, "पाय तुम्ही धरा. जड बाजू मला द्या." प्रत्येक वळणावर शुभंकर थोडा जागा व्हायचा आणि "सॉरी, सॉरी" म्हणायचा. कोणाला म्हणत होता कोण जाणे. खाली रिक्षावाल्याने एकदा त्याच्याकडे, एकदा श्रीनिवासांकडे पाहिलं. "प्यायलाय का?"

"परीक्षा आहे," नंदा म्हणाली.

"मग बरोबर," रिक्षावाला म्हणाला, आणि त्याने मीटर टाकलं.

डॉ. स्पृहांचं दहा खाटांचं हॉस्पिटल तीन गल्ल्या सोडून होतं. सुहासिनीबाईंच्या शेवटच्या दोन वर्षांत श्रीनिवासांचे निम्मे दिवस तिथल्या बाकावर गेले होते. डॉक्टरीणबाईंनी मुलाला आत घेतलं, छातीला वायरी लावल्या, सलाईन लावलं. श्रीनिवासांनी पिशवीतली रिकामी पाकिटं पुढे केली.

"याच्या खोलीत सापडली," ते म्हणाले. ते खोटं नव्हतं.

"बसा बाहेर. आजचा दिवस आणि रात्र इथे राहू दे त्याला. घरी कळवलंत?"

कळवलं नव्हतं. वाशिमजवळच्या गावी वडिलांना, ज्ञानदेवांना, त्यांनी बाकावरूनच फोन लावला. ज्ञानदेव एसटीच्या आगारात मेकॅनिक होते. मागे यंत्रांचा आवाज येत होता. "निघतो," एवढंच ते म्हणाले आणि परत दोनदा म्हणाले.

दोन वाजले. पेपर सुरू झाला असेल. श्रीनिवास बाकावर बसून राहिले.

सुहासिनीबाईंना मज्जातंतूंचा आजार होता, नऊ वर्षं. त्यात दिवसा गुंगी यायची. बोलता बोलता, घास हातात असताना डोळे मिटायचे. म्हणून सकाळी अर्धी गोळी, जाग राहावी म्हणून, आणि रात्री एक दुसरी, झोप लागावी म्हणून. "म्हणजे मी घड्याळच झाले," त्या म्हणायच्या. "सकाळी किल्ली द्या, रात्री काढून घ्या." त्या शाळेत शिकवायच्या, त्यामुळे घरातल्या प्रत्येक डब्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी असायची. हिंग, मोहरी, सुया. गोळ्यांच्या दोन पाकिटांवरही होती. 'सकाळ – जाग.' 'रात्र – झोप.'

दिवसाआड साडेसातला श्रीनिवास पोळपाट उलटा करायचे, त्यावर गोळी ठेवायचे आणि दाढीच्या ब्लेडने मधोमध कापायचे. अर्धी वाटीत, अर्धी कागदाच्या पुडीत उद्यासाठी. तुकडे लहानमोठे झाले की सुहासिनीबाई मोठा उचलायच्या. "आज जरा जास्त वेळ बघते तुमच्याकडे." नऊ वर्षं हे चाललं. त्या गेल्या त्या सकाळीही गोळी कापली होती. एक अर्धी त्यांनी घेतली. दुसरी पुडीतच राहिली.

प्रयोगशाळेत विषारी रसायनांच्या कपाटाला दोन कुलपं होती. एक किल्ली श्रीनिवासांकडे, दुसरी विभागप्रमुखांकडे. दोघं समोर असल्याशिवाय कपाट उघडत नसे. चौतीस वर्षांत एका ग्रॅमचा फरक पडला नाही. आणि घरी सगळं फ्रीजवर, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, सैल झाकणाखाली.

पाचच्या सुमाराला शुभंकर नीट जागा झाला. पहिल्यांदा त्याने हात बघितला, मग सलाईन, मग भिंतीवरचं घड्याळ. घड्याळावर त्याची नजर थांबली. तो रडला नाही. नुसतं म्हणाला, "झाला पेपर."

डॉ. स्पृहा खाटेच्या पायाशी उभ्या राहिल्या. "झाला. पुढच्या सत्रात दे. विद्यापीठ कुठे पळून जात नाही. हे सांग, या गोळ्या कुठून आणल्यास? चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत या."

शुभंकरने श्रीनिवासांकडे पाहिलं, मग समोरच्या भिंतीकडे. "हॉस्टेलवर, मॅडम. ग्रुपवर मेसेज टाकला की कोणीतरी देतं आणून."

"नाव काय त्या कोणीतरीचं?"

"सिनियर होता. पास होऊन गेला."

"वा. म्हणजे तो पास झाला आणि तू सलाईनवर." त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. "किती दिवस घेत होतास?"

"डिसेंबरपासून. रोज नाही. एप्रिलपासून रोज."

श्रीनिवास स्टुलावर बसले होते. बोलायची वेळ हीच होती, हे त्यांना कळत होतं. "त्या माझ्या घरच्या आहेत" हे चार शब्द. डॉक्टरीणबाई कागद खाली ठेवीपर्यंत, पेनाला टोपण लावीपर्यंत, दारातून बाहेर जाईपर्यंत ते शब्द तोंडात होते. मग त्या गेल्या.

"खोटं का बोललास?" त्यांनी विचारलं.

"तुमचं नाव कशाला घेऊ, काका? पोलीस-बिलीस झालं तर. आणि मी चोरल्याच ना."

"पहिली मी दिली होती."

"अर्धी," शुभंकर म्हणाला. "ती काय मोजायची."

पण श्रीनिवास ती मोजत होते. मागच्या ऑक्टोबरातली सकाळ होती. मुलगा कॉफीसाठी गरम पाणी घ्यायला स्वयंपाकघरात आला होता, तिसऱ्यांदा, आणि चौकटीला टेकून उभ्या उभ्या झोपला होता. दहा वाजता तोंडी परीक्षा. श्रीनिवासांनी त्याला हलवून जागं केलं. घड्याळात साडेसात झाले होते. आठ महिने साडेसातला त्यांच्या हातांना काही काम नव्हतं. ती वेळ झाली की ते स्वयंपाकघरात येऊन उभे राहायचे आणि मग उगीच पाणी प्यायचे. त्या दिवशी त्यांनी डबा काढला, पुडी उलगडली, अर्धी गोळी वाटीत ठेवली, शेजारी पाण्याचं भांडं ठेवलं.

"ही घे. काकूंची आहे. अर्धीच आहे, काही होत नाही."

काही होत नाही. हे वाक्य प्रयोगशाळेत कुणी विद्यार्थी बोलला असता तर त्यांनी त्याला दाराबाहेर उभं केलं असतं.

संध्याकाळी मुलगा पेढे घेऊन आला होता. "काका, सगळं येत होतं. मी इतका कधीच क्लिअर नव्हतो." त्यानंतर चार-पाच वेळा, परीक्षा किंवा सबमिशन असेल त्या दिवशी, श्रीनिवासांनी पोळपाट उलटा केला. ब्लेड नवं आणलं. त्या सकाळी त्यांना बरं वाटायचं, हे त्यांना नाकारता येत नव्हतं. डिसेंबरात शुभंकर मागेनासा झाला. श्रीनिवासांना वाटलं, गरज संपली.

"पहिली फार भारी होती, काका," शुभंकर आता छताकडे बघत बोलत होता. "पहिल्यांदा वाटलं, आपण पण हुशार आहोत. इथे सगळे फाडफाड इंग्लिश बोलतात. मला एक पान वाचायला त्यांच्या दुप्पट वेळ लागतो. मग रात्रीचे चार तास जास्त मिळाले तर हिशोब बरोबर होतो ना? मग अर्धीने काही होईना. मग एक. मग झोपच गेली. पेपर नसला तरी येईना. डोळे मिटले की आत ट्यूबलाइट चालू. मग त्या दुसऱ्या घेतल्या. काकूंनी लिहूनच ठेवलंय ना डब्यात, कोणती कशाची." थोडं थांबून म्हणाला, "मी परत आणून ठेवणार होतो. मोजून ठेवणार होतो. पण मेडिकलवाला देईना."

श्रीनिवासांना प्रयोगशाळेच्या भिंतीवरची पाटी आठवली. बाटलीतून काढलेलं परत बाटलीत टाकायचं नाही. ती पाटी त्यांनीच रंगवून घेतली होती.

"बाबांना काय सांगणार?" शुभंकरने विचारलं. "चोरीचं सांगू नका, काका. पाया पडतो."

"नाही सांगत," श्रीनिवास म्हणाले.

ज्ञानदेव सकाळी सात वाजता आले, रात्रभर एसटीत बसून. मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला, त्याला काही विचारलं नाही, आणि बाहेर बाकाशी येऊन श्रीनिवासांच्या पायांना हात लावायला वाकले. श्रीनिवास मागे सरकले.

"अहो, हे काय करताय आपण?"

"तुमी होते म्हून, सर. नाही तं त्या हॉस्टेलात कोनाले पत्ता लागला असता? त्याची माय म्हने, त्याईच्या घरी ठेवलं म्हून वाचलं लेकरू." त्यांनी बाकाखालची पिशवी ओढून पुढे केली. पाच किलो तरी असेल, तोंड सुतळीने बांधलेलं. "तुरीची दाय हाये. घरची. बाकी काय देऊ तुमाले?"

श्रीनिवासांनी पिशवी घेतली. न घेणं अपमान झाला असता. "मला तुमच्याशी बोलायचं होतं," ते म्हणाले.

"बोला ना, सर."

ज्ञानदेव समोर उभे होते. नखांत ग्रीसची काळी रेघ, डोळे जागरणाने लाल. त्यांना कसलीही घाई नव्हती. कॉरिडॉरमध्ये दुसरं कोणी नव्हतं. कोणी हाक मारली नाही, फोन वाजला नाही.

"त्याला उपाशीपोटी चहा देऊ नका," श्रीनिवास म्हणाले. "पित्त होतं त्याला."

"नाही देत," ज्ञानदेव म्हणाले. मन लावून ऐकल्यासारखी त्यांनी मान हलवली.

दुपारच्या गाडीने बापलेक गेले. डॉ. स्पृहांनी महिनाभराचं सांगितलं होतं. ठरल्या वेळी उठायचं, उन्हात चालायचं, फोन दुसऱ्या खोलीत. झोप हळूहळू येईल, पाहुण्यासारखी, बोलावून येणार नाही. रिक्षात बसताना शुभंकरने खोलीची किल्ली श्रीनिवासांच्या हातात ठेवली. "दुसरं कोणी ठेवायचं असेल तर ठेवा, काका," तो म्हणाला, आणि त्यांच्याकडे बघितलं नाही.

श्रीनिवास घरी आले. नंदा आज मुद्दाम उशिरापर्यंत थांबली होती.

"तुला विचारलं ते चुकलं माझं," ते म्हणाले.

"विचारलंत. आळ नाही घेतलात. घेतला असतात तर कुकर डोक्यात घातला असता." मग तिने डाळीची पिशवी उचलून पाहिली. "ही उद्या लावू?"

"थांब जरा."

शुक्रवारी संध्याकाळी ते पत्र्याचा डबा घेऊन डॉ. स्पृहांकडे गेले. शेवटचा पेशंट जाईपर्यंत बाकावर बसले. मग आत जाऊन डबा टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं, वाटी आणि पाण्याच्या भांड्यासकट. डॉक्टरीणबाईंनी झाकण उघडलं, चिठ्ठी वाचली, पाकिटांवरचं सुहासिनीबाईंचं अक्षर पाहिलं.

"मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "हॉस्टेलवरचा सिनियर नेमकी काकूंच्याच कंपनीची गोळी आणतो, आणि तीही दोन्ही प्रकारची."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते." त्यांनी नऊ गोळ्या आणि सहा गोळ्या काढून आपल्या खणात टाकल्या. "फोडलेली पाकिटं कुणाला देता येत नाहीत. मी नष्ट करते. आता ऐका. मला सांगून तुम्ही आज झोपाल कदाचित. पण त्या मुलाच्या हिशोबात तो चोर आहे, आणि तुम्ही देव. त्याच्या बापाच्याही. असं डोक्यावर घेऊन कुणाला झोप लागते का?"

"त्याने सांगू नका म्हणून सांगितलंय."

"चोरीचं सांगू नका म्हणाला. अर्ध्या गोळीचं कुठे म्हणाला?"

श्रीनिवास रिकामा डबा घेऊन परत आले. तो धुऊन, पुसून फ्रीजवर उपडा ठेवला. सुहासिनीबाईंच्या दोन चिठ्ठ्या पाकिटांवरून अलगद सोडवून घेतल्या होत्या, त्या पंचांगात ठेवल्या. ब्लेड कागदात गुंडाळून केरात टाकलं. पोळपाट नंदा रोज वापरतेच. त्याच्या मागच्या बाजूला कापल्याच्या बारीक रेघा आहेत, त्या घासून जात नाहीत.

याला आता तीन आठवडे झाले. बाहेरची खोली रिकामी आहे. पलंगावरची चादर नंदाने बदलली आहे. कोणी मुलगा चौकशीला आला की श्रीनिवास "जागा नाही" म्हणतात. सृष्टीचा एकदा फोन आला होता. शुभंकर सहा तास झोपतो म्हणाली, आणि पुण्याचा विषय काढला की उठून जातो म्हणाली.

साडेसातला श्रीनिवास स्वयंपाकघरात येतात. फ्रीजच्या दारावर त्यांनी ज्ञानदेवांचा नंबर मोठ्या आकड्यांत लिहून चिकटवला आहे, चष्म्याशिवाय दिसावा म्हणून. ओट्याखाली डाळीची पिशवी आहे. तिची सुतळी अजून सोडलेली नाही. नंदाने दोनदा विचारलं, आता ती विचारत नाही.

फोन करायचा राहिला आहे.